भिंत आपोआप उमटते, दार नोंदवावं लागतं

'ड्रोन खोटं बोलत नाही.' गेल्या चार-पाच वर्षांत हे वाक्य बीड जिल्ह्यात मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याला उत्तर देणं भाग आहे. सरपंच म्हणतात, मोजणीला आलेली पोरं म्हणतात आणि नकाशात ज्याच्या वाट्याला दोन हात जागा जास्त आली तो शेजारी तर फारच ठासून म्हणतो. ड्रोन खोटं बोलत नाही हे मला मान्य आहे. तो बोलतच नाही, वरून फोटो काढतो. त्या फोटोवर रेघ कोण मारतं, कशाच्या आधारानं मारतं आणि ती चुकली तर कोणाचं दार बंद होतं, हे विचारायचं आहे.

आपल्याकडं गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्ती. काळीचा हिशेब सातबाऱ्यावर असतो. पांढरीचा हिशेब मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांच्या तोंडी राहिला. ग्रामपंचायतीचा नमुना 8 आहे, पण ती घरपट्टीची यादी. त्यावर 'घर माझं' असं बँकेला पटवता येत नाही. ही उणीव भरून काढायला महाराष्ट्रानं आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग केला. मग 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना आली. 11 ऑक्टोबर 2020 ला पहिली कार्डं वाटली गेली. 18 जानेवारी 2025 ला पंतप्रधानांनी एकाच दिवशी 65 लाखांहून जास्त कार्डांचं वाटप केलं, त्यात महाराष्ट्रही होता. बीड जिल्ह्याच्या पांढरीवरूनही ड्रोन फिरून गेले.

ही योजना हवीच होती. मुलाणी, तांबोली, अत्तार, पिंजारी, फकीर अशा आपल्या कितीतरी घरांकडं खरेदीखत नाही. आजोबा इथंच राहत होते, एवढाच त्यांचा पुरावा. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्यांच्याकडं तेव्हाचा एखादा उर्दू दस्त आहे, तो कार्यालयात कोणाला वाचता येत नाही. अशा माणसाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद येणं ही छोटी गोष्ट नाही, हे आधी कबूल करून पुढं जातो.

नकाशा कसा बनतो ते पाहा. आधी गावात माणसं येतात आणि घरमालक आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन उडतो. फोटो एकमेकांना जोडून 1:500 प्रमाणाचा नकाशा तयार होतो, त्यावर हद्दी आखल्या जातात. मग जागेवर चौकशी, हरकती आणि शेवटी मिळकत पत्रिका आणि सनद. कागदावर ही पद्धत चांगली आहे. अचूकता पाच सेंटीमीटरच्या आतली सांगतात, तीही खरी मानू. पण ही अचूकता छपराची कड पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठं आहे याची आहे. त्या छपराखाली भिंत कुठं आहे, ती कोणाची आहे आणि तिच्यात दार आहे का, हे त्या पाच सेंटीमीटरमध्ये येत नाही.

आता पुढची पायरी सुरू झाली आहे. आखणी माणसानं करण्याऐवजी यंत्रानं करावी, अशी. 2024 च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये पंचायतराज मंत्रालयानं विद्यार्थ्यांपुढं असाच प्रश्न ठेवला होता. ड्रोनच्या चित्रांतून घरांच्या कडा, रस्ते आणि पाणवठे कृत्रिम बुद्धिमत्तेनं ओळखायचे. छप्पर आरसीसीचं आहे, पत्र्याचं आहे, कौलारू आहे की आणखी काही, तेही सांगायचं. अचूकतेचं लक्ष्य 95 टक्के. प्रश्न वाईट नाही, हुशार पोरांनी तो सोडवावाच. पण यादी पुन्हा वाचा. घर आहे, छप्पर आहे, रस्ता आहे, पाणी आहे. दार नाही.

यंत्राला भिंत आणि दार यांतला फरक का कळत नाही, हे मला एका खेळातून समजलं. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. रविवारी रात्री तो आणि त्याचे मित्र संगणकावर डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ खेळतात. सगळे आपापल्या घरी बसलेले, समोर पडद्यावर किल्ल्याचा नाहीतर तळघराचा नकाशा, त्यावर प्रत्येकाचं एक प्यादं. त्यांच्यातला एक जण खेळ चालवतो. या नकाशाची गंमत अशी की तो नुसतं चित्र असतो. आपल्याला त्यात भिंत दिसते, संगणकाला काळपट पट्टा दिसतो. त्यामुळं फाउंड्रीसारख्या प्रणालीत खेळ चालवणाऱ्याला चित्रावर एकेक भिंत रेघ ओढून सांगावी लागते. तेव्हा कुठं प्यादं भिंतीशी अडतं आणि पलीकडचं त्याला दिसेनासं होतं.

हे काम किचकट, तास तास खाणारं. साहजिकच चित्र बघून भिंती आपोआप आखून देणारी साधनं निघाली. भाचा तीही वापरतो. मी विचारलं, मग आता हातानं काही करावं लागत नसेल? तो हसला. "मामू, ते सावलीलापण भिंत समजतं, फरशीच्या रेघांनापण. एकेक खोली फिरून बघावी लागते. आणि दारं तर आपणच सांगायची."

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. त्या प्रणालीत दार म्हणजे भिंतीतली मोकळी जागा नसते. दार ही भिंतच असते, फक्त 'हे दार आहे' अशी तिची वेगळी नोंद करावी लागते. नोंद केली तर ते उघडतं. नाही केली तर ती भिंतच राहते, चित्रात कितीही सुंदर दार रंगवलेलं असो.

आणखी एक. ज्या नकाशांत भिंती आणि दारं बिनचूक येतात, ते नकाशे कोणत्या प्रकारचे? डंजनड्राफ्टसारखी साधनं आहेत. त्यांत नकाशा काढणारा स्वतः भिंत उभी करतो, स्वतः दार बसवतो, आणि नकाशा दुसरीकडं नेताना ही माहिती चित्राबरोबर जाते. तिथं अंदाज बांधावा लागत नाही, कारण ज्यानं भिंत बांधली त्यानंच ती सांगितलेली असते. चित्रावरून ओळखणं वेगळं आणि बांधणाऱ्याला विचारणं वेगळं. खेळणाऱ्या पोरांना हे कळतं. त्यांच्याकडं चूक झाली तर एखादा राक्षस भिंतीतून आरपार जातो, सगळे हसतात, रेघ पुसून पुन्हा ओढतात. तरीसुद्धा खेळ सुरू करण्याआधी ते प्रत्येक दार उघडून बघतात. मग जिथं एका रेघेपायी दोन भावांची घरं कोर्टात जातात, तिथं आपण एवढीही काळजी का घेऊ नये?

आता आपली पांढरी वरून कशी दिसते ते पाहू. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाची तुळवटं आणि मातीचा सपाट थर. एका घराचं माळवद संपतं कुठं आणि शेजारच्याचं सुरू होतं कुठं, हे खालच्या सामाईक भिंतीवरून ठरतं. ती भिंत वरून दिसत नाही. तीन घरं मिळून एकच तपकिरी पट्टा. दोन फुटांची जाड भिंत 1:500 च्या नकाशावर सव्वा मिलिमीटर भरते. रेघ तिच्या मध्यावर मारायची की या कडेवर की त्या कडेवर? सव्वा मिलिमीटरचा हा प्रश्न जमिनीवर दोन फुटांचा होतो.

बोळ घ्या. आपल्या गावांत तीन फुटांची बोळ ही काही अपवादाची गोष्ट नाही. दोन्ही बाजूंनी पत्र्याची वळचण दीड-दीड फूट पुढं आली की वरून बोळ संपली. फोटोत दोन पत्रे एकमेकांना टेकलेले दिसतात आणि यंत्र प्रामाणिकपणे सांगतं, हे एकच घर आहे. खाली त्या बोळीतून मागच्या घरातली म्हातारी रोज पाण्याची घागर घेऊन जाते. वरच्या कॅमेऱ्याला ती दिसत नाही.

आणि मागचं दार. आपल्या मोहल्ल्यांत पुढचं दार पाहुण्यांचं आणि मागचं दार बायकांचं. ते कुणाच्या तरी अंगणात उघडतं, तिथून खालाकडं, फुफीकडं, हापशावर जाता येतं. त्याचा कधी कागद झाला नाही, कारण कधी कोणी अडवलं नाही. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमेनंतर 'जाण्या-येण्याच्या वहिवाटीसह' अशा अर्थाचा मजकूर असायचा. दस्त लिहिणारा तो मोडक्या चष्म्याचा कारकून घराला दार असतं हे जाणून होता. नव्या कार्डावर क्षेत्रफळ दशांशापर्यंत असतं आणि सुविधाधिकाराचा रकाना असला तरी वहिवाट त्यात आपोआप येत नाही.

माझ्या खालाच्या घराचं हेच झालं. तीन घरांच्या मागं तिचं घर. नकाशात पुढची दोन घरं आणि मधली बोळ मिळून एकच मिळकत आली. शेजारी वाईट माणूस नव्हता. चाळीस वर्षं त्यानं ती वाट अडवली नव्हती. पण सरकारनं छापून दिलं म्हटल्यावर त्याच्या पोरांनी पत्र्याचं फाटक बसवलं. 'आमच्याच जागेत बसवलं, कार्ड बघा.' आम्ही कार्यालयात गेलो. तिथं आम्हाला नकाशा दाखवला आणि सांगितलं, इथं रस्ताच नाही. खाला म्हणाली, मी इथून चालत आले. त्यावर उत्तर नव्हतं, दिवाणी कोर्टात जा एवढा सल्ला होता. सत्तरीच्या बाईनं, स्वतःच्या घरात शिरायला.

'हरकत घ्यायची सोय होती ना, तेव्हा कुठं होतात?' हा प्रश्न मला नेहमी ऐकवतात. त्याचं उत्तर बीड जिल्ह्यापेक्षा चांगलं कोण देणार? दसरा-दिवाळीनंतर आपली निम्मी गावं रिकामी होतात. कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोपीतून हलता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात. घराला कुलूप असताना चुन्याची रेघ कोण मारणार? चावडीवर लावलेली नोटीस फडात कोण वाचणार? महसूल संहितेत खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे. हंगाम पाच महिन्यांचा. कारण पटलं तर उशीर माफ होतो हे मलाही माहीत आहे. पण ते पटवून द्यायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात, जे उचलीत आधीच गेलेले असतात. हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही, हे आता वेगळं सांगायला नको. वंजारी, बंजारा, मराठा, दलित, ज्याच्या दाराला सहा महिने कुलूप असतं त्या प्रत्येकाचा आहे.

'मग काय, जुना साखळीवाला मोजणीदारच बरा होता?' असंही विचारतात. नव्हता. तोही चुकायचा आणि कधी कधी मुद्दाम चुकायचा. आपल्याच जिल्ह्यात वक्फ आणि इनामाच्या जमिनी कागदोपत्री खालसा करून विकल्याचे गुन्हे दाखल झाले आहेत. त्याला ड्रोन लागला नव्हता, सही आणि शिक्का पुरला. त्यातून शिकायचं ते एवढंच की चुकीची नोंद एकदा झाली की ती खऱ्या नोंदीसारखीच दिसते आणि पुढचा प्रत्येक माणूस तिच्यावर विश्वास ठेवून व्यवहार करतो. यंत्रामुळं हा धोका वाढतो, कारण यंत्राची रेघ सरळ असते, स्वच्छ असते आणि तिच्यावर शंका घेणारा माणूस अडाणी ठरतो.

यंत्र स्वतः मात्र एवढं उद्धट नाही. गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज या माहितीसंचात उपग्रहाच्या चित्रांवरून यंत्रानं ओळखलेल्या घरांच्या कडा आहेत. त्यात प्रत्येक घरापुढं एक आकडा दिलेला असतो, हे घर आहे याची यंत्राला किती खात्री आहे त्याचा. म्हणजे यंत्र कबूल करतं की इथं मला नक्की वाटतं, तिथं अंदाज आहे. ही कबुली सरकारी कागदावर येईपर्यंत पुसली जाते. खात्रीची रेघ आणि अंदाजाची रेघ एकाच शाईत छापली जाते. राहता राहिले ते शंभरातले पाच टक्के. ते कुठं पडतात? मोकळ्या प्लॉटवरच्या आरसीसी बंगल्याची कड कोणतंही यंत्र ओळखेल. चुका पडणार त्या एकमेकांना टेकलेल्या पत्र्यांत, माळवदांत, चिंचेच्या झाडाखालच्या घरात. म्हणजे गरिबाच्या गल्लीत.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. सरकारच्या नकाशात दार नाही म्हणून ओरडताना आपण घरातली किती दारं बुजवली तेही बघू. अब्बा गेले की चौकशीच्या दिवशी थोरला भाऊ पुढं होतो आणि कार्ड त्याच्या नावावर निघतं. बहिणीचा हिस्सा कुराणानं ठरवून दिला आहे, हे शुक्रवारी ऐकायचं आणि सोमवारी तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं. ड्रोनला बहीण दिसत नाही हे खरं. भावाला तर दिसते ना?

आशूरखाना, तकिया, मशिदीपुढचं अंगण यांचंही तसंच. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आशूरखान्यात मोहरमला हिंदू-मुसलमान दोघंही येतात आणि त्याचा मालक कोण हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. नकाशाला मात्र प्रत्येक तुकड्याला एक नाव हवं असतं. जून 2025 मध्ये उमीद पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मिळकतींची माहिती हद्दींसह सहा महिन्यांत भरायची धावपळ उडाली. फाटकात मोबाइल धरून अक्षांश-रेखांश घेतले की काम झालं, असं समजणारे मुतवल्ली मी पाहिले. तो एक ठिपका झाला, हद्द झाली नाही. कब्रस्तानात जायची वाट कोणाच्या शेतातून आहे, तिची नोंद कुठं आहे? मय्यत खांद्यावर असताना हा वाद घालायची वेळ येऊ नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नकाशा अंतिम करण्याआधी तो गल्लीत आणून वाचून दाखवा. सामाईक जागेत उघडणारं प्रत्येक दार वेगळ्या खुणेनं दाखवा. प्रत्येक बोळीला 'सामाईक' म्हणून स्वतंत्र नोंद द्या, कोणाच्याही क्षेत्रफळात ती मिसळू नका. जी रेघ यंत्रानं अंदाजानं मारली आहे ती तुटक छापा आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या झाल्यावरच अखंड करा. बीडसारख्या जिल्ह्यात चौकशी आणि हरकतींचा काळ ऊसतोडीच्या हंगामात ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये ठेवा. उर्दू दस्त वाचणारा एक माणूस तालुक्याला द्या. आणि वारसांची नावं सगळी घ्या, मुलींसकट.

यानं वेळ लागेल, वाद निघतील, असं अधिकारी म्हणतील. निघू द्या. शेजारी गल्लीत उभे राहून भांडतात तेव्हा तिसरा शेजारी मध्ये पडतो आणि म्हणतो, अरे, ही वाट तुझ्या आजोबाच्या आधीपासूनची आहे. साक्षीदार जिवंत आहेत तोवर हे भांडण अर्ध्या तासाचं असतं. दहा वर्षांनी तेच भांडण कोर्टात गेलं की साक्षीदार कब्रस्तानात किंवा स्मशानात असतात आणि पुरावा म्हणून उरतो तो नकाशा, ज्यात ती वाटच नाही.

तोवर आपण काय करायचं? ज्यांचं कार्ड अजून आलेलं नाही, त्यांनी एका कोऱ्या कागदावर आपल्या घराचा हातानं नकाशा काढावा. सगळी दारं, बोळ, नाली, पन्हाळीचं पाणी कुठं पडतं ते दाखवावं. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि चौकशीच्या वेळी तो अर्जासोबत देऊन पोच घ्यावी. गावाच्या सामाईक वाटांचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. ज्यांचं कार्ड आलं आहे, त्यांनी ते पेटीत ठेवण्याआधी नकाशा उघडावा. क्षेत्रफळ नंतर मोजा. आधी बोट ठेवून बघा, आपलं दार कुठं उघडतं आणि तिथून सरकारी रस्त्यापर्यंत बोट न उचलता जाता येतं का. जाता येत नसेल तर 60 दिवस आदेश मिळाल्या तारखेपासून मोजले जातात हे ध्यानात ठेवा आणि आजच हालचाल करा.